डावीकडचं दार

ठेवलेलं

टेप भाजताना जो वास सुटतो तो कशासारखाच नसतो. थोडा मेणाचा, थोडा बंद कपाटाचा, आणि तळाशी काहीतरी आंबट. जुन्या टेपांवरचा लेप वर्षानुवर्षं हवेतला दमटपणा पिऊन चिकट होतो. तशीच यंत्रावर चढवली तर पट्टी किंचाळत सरकते आणि तिच्यावरचं गाणं कोंड्यासारखं झडून खाली पडतं. म्हणून आधी मंद आचेवर शेकायची, सावकाश निवू द्यायची, आणि मग एकदा, फार तर दोनदा, वाजवून उतरवून घ्यायची. तेवढ्यात हाती लागेल ते आपलं. बाकीचं गेलं.

"आज काय भाजतेस?" मालकांनी आत डोकावून विचारलं.

"कावळा."

"मीठ बेताचं घाल. मागच्या वेळी खारट झाला होता."

आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ते पुढे गेले. हा विनोद ते दर टेपेला करत.

कावळा म्हणजे ट्रम्पेटवाला. लांब काळा कोट, पुढे काढलेली मान, आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला लागला की घशातून करकर. पण ट्रम्पेट ओठाला लावला की त्याच घशाचा मालक कुणी दुसराच असावा असं वाटायचं. जाऊन जमाना झाला त्याला. आपल्या जॅझवाल्या टोळक्याला घेऊन तो दर वर्षी एक संध्याकाळ जुन्या हॉलमध्ये वाजवायचा. त्या संध्याकाळच्या सहा वर्षांच्या टेपा कुणाच्या तरी माळ्यावर सापडल्या आणि मालकांनी त्या उचलल्या. पूर्वी यातल्या काहींच्या तबकड्या निघाल्या होत्या. त्या ऐकताना वाटायचं की बँड शेजारच्या घरात वाजतोय आणि मधल्या भिंतीपाशी कुणीतरी पापड खातंय. आता सगळ्या मैफली नव्याने, एका संचात, नव्या घडणीत निघणार होत्या.

"काचेसारखं हवं," मालक म्हणाले होते. "ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हॉलमध्ये मी एकटा आणि समोर कावळा."

ते काम तिचं. कंपनीत तिला सगळे चाळण म्हणत. नाव ठेवणाऱ्याने चिडवायला ठेवलं होतं, पण तिला ते मनापासून आवडलं, आणि आवडलेलं नाव चिडवायला उपयोगाचं राहत नाही, म्हणून ते टिकलं.

चाळणीची एक रीत होती. आवाज साफ करणारे बहुतेक लोक साफ झालेलं ऐकतात. ती आधी कचरा ऐकायची. यंत्राने जे जे गाण्यातून उपसून बाहेर टाकलं, तेवढंच वेगळं काढून, कानाला लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे तिला ज्याने शिकवलं तो म्हातारा म्हणायचा, "घरातून हाकललेल्यांत आपलं माणूस तर गेलं नाही ना, तेवढं बघून यायचं." खोकल्याबरोबर पियानोचं एखादं बोट गेलेलं असतं. ग्लासच्या किणकिणीबरोबर झांजेची कड गेलेली असते. ती परत आणायची. उरलेल्याला निरोप द्यायचा.


काढलेलं

खोकला, बाईमाणसाचा.

ग्लास. ग्लास. फुटलेला ग्लास. "भरून दे आता."

"अरे सरक की, तुझं डोकं काय काचेचं आहे?"

खुर्ची.

पाय. पाय पाय पाय. वरच्या बाल्कनीतले सगळे पाय.

दार.

खोकला, तोच.


ठेवलेलं

पायांची गोष्ट सांगायला हवी. त्या हॉलची बाल्कनी भिंतींना धरून तीन बाजूंनी फिरलेली, आणि तिथे उभ्याचं तिकीट. लोक हातात ग्लास घेऊन वर जायचे. ग्लास धरलेल्या हाताने टाळी वाजत नाही. म्हणून वरच्यांनी पायांची टाळी काढली: ट्रम्पेटची लांब तान संपली रे संपली की सगळे मिळून लाकडी जमिनीवर पाय आपटायचे, आणि तेही ठेक्यात. कावळ्याला ती खालच्या टाळ्यांपेक्षा प्यारी होती. टेपेत एके ठिकाणी तो म्हणतो, "खालचे पैसे देतात, वरचे दाद देतात." वर हशा, मग पुन्हा पाय.

आणि त्या पायांच्या शेपटाला, दर वेळी, एक करकर. डावीकडून, उंचावरून. लांबलचक, खालच्या पट्टीतली, नेमकी डबल बासच्या तारेवर येऊन बसणारी. पहिल्याच टेपेत तिने ती पकडली, तिला एका शब्दाचं नाव दिलं, "दार", आणि काढायला लागली. सोपं नव्हतं. दार काढलं की बासचा पोटातला आवाज जायचा. बास ठेवला की दार राहायचं. तिने त्यावर जीव ओतला. केसातून ऊ काढावी तसं एकेक दार काढलं. सहाव्या टेपेपर्यंत हात इतका बसला की मालकांनी ऐकून टेबलावर थाप मारली.

"चाळण बाई, तुम्ही नुसत्या चाळण नाही, तुम्ही तुरटी आहात!"

त्याच आठवड्यात त्यांनी बेत जाहीर केला. संचाचं प्रकाशन त्याच हॉलमध्ये करायचं. हॉल अजून होता. लग्नं, भाषणं, कसलीशी प्रदर्शनं चालायची. बाल्कनी मात्र कावळ्याच्या शेवटच्या मैफलीनंतर बंदच होती. वर मोडक्या खुर्च्या टाकायचे. ती मोकळी करायची, वर उभ्याची तिकिटं काढायची, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहायचं: पायांची टाळी परत येतेय. आधी अंधारात संचातलं एक गाणं ऐकवायचं, मग कावळ्याचीच गाणी वाजवायला ताज्या दमाचा बँड.

त्या बँडचा ड्रमवाला तिचा धाकटा भाऊ होता. घरात त्याला ठोक्या म्हणत, कारण लहानपणी त्याने एकही भांडं सरळ ठेवलं नव्हतं. आजवर तो हॉटेलांत, लोक जेवत असताना वाजवत आला होता. समोर बसून त्याचं वाजवणं ऐकायला कुणी तिकीट काढणार, हे पहिल्यांदाच.

तिकिटं चार दिवसांत संपली.

प्रकाशनाच्या आठवडाभर आधी ठोक्या तिला दुपारचा हॉलवर घेऊन गेला. "ताई, तुझे कान घेऊन ये. ड्रम कुठे मांडू ते सांग."

हॉल तिने कधी पाहिला नव्हता. पण आत पाऊल टाकलं आणि अंधारात आपल्याच स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालं तिला. खोकणारी बाई कुठे बसायची हे तिने बोटाने दाखवलं असतं. ग्लास कुठून यायचे, तो दरवाजा उजवीकडे होता, तसाच. ती हॉलच्या मध्यावर, जिथे तेव्हा माइक टांगले असणार तिथे, जाऊन उभी राहिली, रंगमंचाकडे तोंड केलं आणि गंमत म्हणून दार शोधायला डावीकडे वर पाहिलं.

तिथे भिंत होती. नुसती भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दार नाही, खिडकी नाही, बुजवलेल्या दाराची खूणही नाही. बाल्कनीची जाड तुळई त्या भिंतीत शिरत होती, एवढंच.

"इथलं दार कुठे गेलं?" तिने हॉलच्या व्यवस्थापकांना विचारलं. गृहस्थ शिडीखाली उभे राहून रंगाऱ्यावर ओरडत होते.

"कुठलं दार? इथे कधी दार नव्हतं, मॅडम. पलीकडे शेजाऱ्याची इमारत आहे. दार काढलं तर त्याच्या न्हाणीघरात उघडेल." रंगारीही हसला.

ठोक्याने रंगमंचावरून आरोळी दिली, "ताई! इथे बरोबर आहे ना?"

तिला ऐकू आलं नाही. अख्ख्या घरात तिलाच सगळं ऐकू येतं म्हणून तिची थट्टा व्हायची, आणि तिला ते ऐकू आलं नाही.


काढलेलं

रंगाऱ्याचा ब्रश, खरड, खरड.

वर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. ओढणं थांबलं.

मग काहीतरी. इतकं बारीक, की टेपेत असतं तर तिने त्याला नावही दिलं नसतं.


ठेवलेलं

तिने सगळी दारं एका रांगेत लावली. कचरा ती फेकत नसे, हे तिचं नशीब. पहिल्या वर्षाचं दार, दुसऱ्या वर्षाचं, करत करत सहावं. मध्ये संगीत नाही, माणसं नाहीत. फक्त पाय आणि दार, पाय आणि दार.

दर वर्षी दाराची पट्टी थोडी उतरत होती.

घाईने घाबरणारी बाई नव्हती ती. टेप हळू फिरली तरी पट्टी उतरते, हे कुणीही सांगेल. म्हणून तिने विजेची गुणगुण काढली. जुन्या प्रत्येक टेपेच्या तळाशी ती असते, दिव्यांची आणि तारांची एकसुरी गूं. वीज तीच असेल तर तिचा सूर हलत नाही. गुणगुणीला गुणगुण जोडली, सहाही टेपा एका चालीवर आणल्या आणि पुन्हा ऐकलं. ट्रम्पेट सहाही वर्षं सुरात होता. उतरलं होतं ते दारच.

मग दुसरी गोष्ट तिच्या कानात शिरली, आणि ती तिने इतके दिवस ऐकली कशी नाही याचं तिला नवल वाटलं. करकर एक नव्हती, दोन होत्या. पाय पडताना एक, लांब, खाली जाणारी. पाय थांबले की दुसरी, आखूड, वर येणारी. कुणी ओझं घेऊन वाकावं आणि ओझं उतरवून सरळ व्हावं, तशी. पहिल्या वर्षी जाणं आणि येणं पाठोपाठ. तिसऱ्या वर्षी येण्याला उशीर. पाचव्या वर्षी कावळा पुढच्या गाण्याचं नाव सांगून मोकळा होतो, मग कुठे ती येते.

सहाव्या वर्षी शेवटच्या गाण्यानंतर पाय पडतात. करकर जाते. पाय थांबतात. टाळ्या, हशा, खुर्च्या, लोक उठतात, बोलतात, हॉल रिकामा होतो, टेप फिरत राहते, शेवटी कुणीतरी येऊन यंत्र बंद करतं.

ती येत नाही.

चाळणीने ते शेवटचं परत लावलं. वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो असू. मग परत. खोलीत थंडी नव्हती, पण तिने खुर्चीवरची शाल अंगावर घेतली.


ठेवलेलं (मालकांच्या खोलीत)

मालकांनी हेडफोन काढले. व्यवस्थापकांनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी तर ते नीट घातलेही नव्हते, एकच कान लावून ऐकलं, कलिंगड वाजवून बघावं तसं.

"खुर्ची आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"खुर्ची अशी वाजत नाही."

"मग बूट."

"तुळई आहे ती," ती म्हणाली. "वाकायची आणि परत यायची. शेवटच्या वर्षी वाकली ती आलीच नाही. तेव्हापासून वर माणूस उभं राहिलेलं नाही. आणि आपण आता सगळे एकदम चढवून पाय आपटायला सांगतोय."

"मॅडम, गेल्याच वर्षी रंग दिलाय."

"रंगाने तुळई उभी राहते?"

"पाहणी पण झालीय. माणूस आला होता, वर गेला, उड्या मारून बघितल्या त्याने. काही झालं नाही."

"एक माणूस."

"जाडा होता चांगला," व्यवस्थापकांनी खात्री दिली.

मालक इतका वेळ पेन फिरवत होते. "मला एक सांग. तू स्वतः या आवाजाला काय नाव दिलं होतंस?"

तिने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"दार. सहाच्या सहा टेपांत तुझ्याच हाताने दार. आता तिथे दार नाही निघालं, तर म्हणतेस तुळई. उद्या तिथे तुळई नाही निघाली तर म्हणशील भूत." ते उठून तिच्या जवळ आले, मऊ झाले. "अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी. लाकूड आहे, म्हातारं आहे, कुरकुरणारच. माझे गुडघे पण कुरकुरतात, म्हणून मी लोकांना दूर उभं करतो का?"

"एकदा नीट तपासून घ्या, एवढंच म्हणतेय. तोवर वर कुणी नको."

"वरची तिकिटं विकलीत. लोक वरसाठीच येतायत. आणि समजा मी उद्या कुणाला सांगितलं की तुळई वाजते, तर तो म्हणेल ऐकवा. काय ऐकवू? माझ्या संचात तर ती नाहीच. सहाही मैफली काचेसारख्या आहेत." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "तूच केल्यास."

नगरपालिकेच्या कचेरीत तिने फोन लावला. पलीकडच्याने सगळं ऐकून घेतलं, आवाज कुठल्या सालचा आहे ते विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात सगळं होऊन गेलेलं असणार होतं.


ठेवलेलं (घरी)

"मी वरच उभी राहणार," आई म्हणाली. "डाव्या हाताला. तिथून त्याचे हात दिसतात."

"आई, खाली बस. पहिल्या रांगेत. मी जागा ठेवते."

"खालून काय दिसणार? त्याची हनुवटी? ती मी जन्मापासून बघतेय."

ठोक्या हसला नाही. जेवता जेवता त्याने ताट बाजूला सारलं. "ताई, तू मालकांना जाऊन काय सांगितलंस? बँडमधले सगळे मला विचारतायत. तुझी बहीण कार्यक्रम बंद पाडतेय का म्हणून."

"बंद नाही. फक्त बाल्कनी."

"बाल्कनीशिवाय कार्यक्रम काय आहे? लोक माझ्यासाठी येतायत का? पाय आपटायला येतायत. सगळं आयुष्य मी चमच्यांच्या आवाजात वाजवलं. एक दिवस, ताई. एकच दिवस."

तिने हेडफोन त्याच्यापुढे ठेवले. "तू ड्रमवाला आहेस. मालकांना ठेक्यातलं कळत नाही. तू ऐक, आणि सांग मी वेडी आहे. मग मी तोंड उघडणार नाही."

तो नाखुशीने ऐकायला बसला. पहिल्या वर्षाला त्याचं बोट टेबलावर ठेका धरत होतं: जाणं, येणं. तिसऱ्या वर्षाला ते बोट हवेत थांबून वाट बघायला लागलं. सहाव्या वर्षाला ते वर गेलं आणि खाली आलंच नाही. त्याने हेडफोन काढले, आणि तसाच, बोट वर ठेवून, बसून राहिला.

"काय झालं रे, ठोक्या?" आईने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, "मालक ऐकणार नाहीत."

"नाही."

"पण सुरुवातीचं गाणं अंधारात तूच लावणार आहेस ना?"


काढलेलं

आईचा घास चावण्याचा आवाज. थांबलेला.

ठोक्या, ओठातल्या ओठात: गेली ग बाई माझी संध्याकाळ.

नळ.


दोन्ही

हॉल भरला. बाल्कनी आधी भरली. हातात ग्लास घेऊन, एकमेकांना कोपरं मारत, लोक वर चढले. ज्यांना तिकीट मिळालं नव्हतं ते व्यवस्थापकांच्या ओळखीने चढले. आईही. चाळण तिला हाताला धरून खाली बसवून आली होती, पण यंत्र जोडून मान वर करते तर आई डाव्या बाजूला कठड्याला टेकून ठोक्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हात हलवत होती. गुडघ्यांना जिना चढवत नाही म्हणून घरी माळ्यावरचं काढायला सांगायची, आणि इथे चढली होती.

मालकांनी छोटं भाषण केलं. "डोळे मिटा," ते म्हणाले. "आता तुम्ही आहात आणि कावळा." दिवे गेले.

चाळणीने कावळा लावला नाही.

मोठ्या कर्ण्यांतून अंधारात आधी एक बाई खोकली. लोकांना वाटलं, शेजारचीच. मग ग्लास. मग "अरे सरक की", आणि वर दोन-चार जण खरंच सरकले आणि हसले. मग पाय, आणि बाल्कनीतले लोक खूश होऊन ठेक्यात पाय आपटणार, तोच करकर. हेडफोनमध्ये ती नुसती करकर होती. इथे, या एवढ्या यंत्रातून, तिला अंग होतं. ती जमिनीतून वर येऊन दातांत शिरली. गेली. आली.

तिने माइक ओढला. बोलायची तिला सवय नव्हती. "हे पहिलं वर्ष," ती म्हणाली. "तुम्ही उभे आहात त्या तुळईचा आवाज आहे. खाली जाते, परत येते. ऐका. हे दुसरं."

"काय चाललंय?" अंधारात मालकांचा आवाज. "बंद कर ते! दिवे लावा!"

पण दिव्यांपाशी ठोक्या उभा होता.

तिसरं. चौथं. आता वर कुणी हसत नव्हतं. पाचव्याला कावळा करकरत पुढच्या गाण्याचं नाव सांगतो आणि मग, सगळं संपल्यावर, ती येते. कुणीतरी हुश्श केलं.

"हे शेवटचं. यानंतर बाल्कनी बंद झाली."

पाय. करकर खाली गेली. चाळणीने तिथेच यंत्र थांबवलं.

हॉल गच्च भरलेला. सगळे वाट बघत होते. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही की कशाची. वर कुणीतरी ग्लास जमिनीवर ठेवला, झोपलेल्या बाळाच्या शेजारी ठेवावा तसा. मग एक बाई बूट काढून हातात घेऊन जिन्याकडे निघाली. तिच्यामागे दुसरा. ठोक्याने दिवे हळूहळू वाढवले. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. मोजे घातलेल्या पायांची रांग जिना उतरत होती, आणि तिच्यात एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मागच्यांना खोळंबून ठेवत, आई.

चाळणीचा श्वास मोकळा झाला तो एवढ्यापुरताच. कारण उतरलेले लोक उतरून कुठे थांबले? बाल्कनीखाली. डाव्या भिंतीशी, थेट तुळईच्या खाली, दाटीवाटीने, वर बघत. इतके दिवस ती बाल्कनी तिच्यासाठी डावीकडून येणारा एक आवाज होती. आवाजाच्या खाली काही नसतं. लाकडाच्या खाली असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पुढे या!" ती माइकवर म्हणाली. "तिथे थांबू नका. पुढे!" लोक तिच्याकडे बघत राहिले, कुठे पुढे ते कळेना.

ठोक्या ड्रमपाशी बसला. काठ्या नाही घेतल्या. तारांचे ब्रश घेतले आणि कातड्यावर फिरवायला लागला, तांदूळ पाखडल्यासारखं, इतकं हळू की ऐकायचं तर जवळच यावं लागलं. लोक जवळ आले. एकेक करून रंगमंचाच्या कडेला खेटले. आई सगळ्यांत पुढे पोचली, रंगमंचावर कोपरं टेकवली आणि म्हणाली, "इथून पण दिसतायत रे."

आता बाल्कनी रिकामी होती. तिच्याखालीही कुणी नव्हतं. मालक सोडून.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तमाशा!" ते म्हणाले. "एका खुर्चीच्या आवाजावर सगळा तमाशा! थांबा, दाखवतो." व्यवस्थापकांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला आणि जिना चढायला लागले. ठोक्याचे ब्रश थांबले.

"मालक, नका," ती म्हणाली. माइक चालूच होता. हॉलभर ऐकू आलं.

ते वर, डाव्या बाजूला, मध्यावर येऊन उभे राहिले, जादूगारासारखे हात पसरले. "बघा! एवढा मोठा माणूस उभा आहे. काय झालं?" आणि पाय आपटला.

काही झालं नाही. खाली कुणीतरी हसलं, मग आणखी दोघं-तिघं, सुटल्यासारखं हसू. मालकही हसले. दुसरा पाय आपटला, जोरात. "हे तुमचं दार!" आणि तिसऱ्यांदा आपटायला पाय उचलला.

तेव्हा ती करकर आली. कर्ण्यातून नाही. भिंतीतून. सगळ्या टेपांपेक्षा खालच्या पट्टीत, इतक्या खाली की सुरुवात कानाला कळलीच नाही, आधी पोटाला कळली. लांबत गेली, लांबत गेली. रंगमंचाच्या दिव्याच्या झोतात भिंतीलगत नव्या रंगाची पूड बारीक भुरभुरत खाली आली. मग करकर संपली.

सगळा हॉल परतीची वाट बघत उभा राहिला. मालकसुद्धा, त्यांच्या तोंडावर ते सरळ दिसत होतं, कारण आता तेही ऐकत होते. उचललेला पाय तसाच हवेत होता. एक हात कठड्याकडे गेला आणि कठड्याला न लागताच मागे आला. खाली बघायचं त्यांनी टाळलं. डोळे फिरवून त्यांनी तिला शोधलं.

"चाळण," ते म्हणाले. आवाज जेमतेम होता, जणू आवाजालाही वजन असतं. "ऐकतेस ना?"

"हो."

"ठेवू का?"

तिने डोळे मिटले. हॉलमधल्या माणसांचे श्वास बाजूला केले. आईचा खोकला बाजूला केला. दिव्यांची गुणगुण, व्यवस्थापकांचं पुटपुटणं, स्वतःचं काळीज, सगळं एकेक करून काढलं, आणि डावीकडे, वर, जे उरलं होतं ते ऐकत राहिली.

"थांबा," ती म्हणाली.